अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी आणि मेदाचे चयापचय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात मी काम करते. शस्त्रक्रियेतून आलेले अवयव कापायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि अहवाल लिहायचा, हे माझे रोजचे काम आहे. या कामामुळे दोन प्रकारचे लोक माझ्या दाराशी येतात. पदव्युत्तर विद्यार्थी विचारतात की अलीकडे ज्या-त्या परिसंवादात ‘लिपिड मेटाबॉलिझम’ हा शब्द ऐकू येतो, त्यात खरोखर दम किती आहे. जालना, बीड, हिंगोलीकडून फाइल काखेत धरून आलेले नातेवाईक विचारतात, “मॅडम, आईला तेल-तूप द्यायचं का बंद करायचं?” दोघांचे प्रश्न दूरदूरचे वाटतात, पण ताटातील तेल, अंगावरची चरबी आणि पेशीच्या आतला मेद या तीन गोष्टी एकच धरल्यामुळे होणारा घोळ दोन्हींच्या मुळाशी आहे. तो शक्य तितका सोडवावा म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

लिपिड म्हणजे चरबीच ना?

चरबी हा लिपिडांचा एक प्रकार आहे. पाण्यात न विरघळणाऱ्या, तेलकट स्वभावाच्या अनेक रेणूंना मिळून लिपिड म्हणतात. मेदपेशीत साठणारी ट्रायग्लिसराइडे, पेशीभोवतीचे आवरण ज्यांनी बनते ती फॉस्फोलिपिडे, त्या आवरणाला घट्टपणा देणारे कोलेस्टेरॉल आणि एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे काही लहान रेणू हे सगळे याच कुळातील. यांतील बहुतेकांचा पाया मेदाम्ल हा असतो. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची एक लांब साखळी. पामिटिक आम्लात अशा १६ कार्बनांची साखळी असते आणि ओलेइक आम्लात १८ कार्बनांची. पेशीला मेदाम्ले तीन कामांसाठी लागतात : जाळण्यासाठी, बांधकामासाठी आणि निरोपासाठी. पुढची जवळजवळ सगळी उत्तरे या तीन कामांभोवती फिरतात.

निरोगी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांच्या मेद वापरण्यात फरक काय पडतो?

प्रौढ माणसाच्या बहुतेक पेशी मेदाम्ले स्वतः बनवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. जेवणातून आलेली किंवा यकृताने रक्तात सोडलेली मेदाम्ले त्यांना पुरतात. मेदाम्ल बनवणारे मुख्य विकर म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेज. ते यकृत, मेदऊती, दूध पाजणाऱ्या आईचे स्तन अशा मोजक्या ठिकाणी जोमाने चालते आणि इतरत्र मंद असते. अंडाशयाच्या कर्करोगात, विशेषतः त्याच्या आक्रमक प्रकारांत, हे विकर पुष्कळदा वाढलेले दिसते. पेशी ग्लुकोजपासून दोन-दोन कार्बनांचे तुकडे तयार करते, आणि हे एकच अवाढव्य विकर आपल्या अंगच्या सात वेगवेगळ्या क्रियांनी ते तुकडे जोडत जाऊन १६ कार्बनांचे पामिटिक आम्ल पुरे करते. विभागणी झपाट्याने चालू असलेल्या पेशीला दर खेपेला नव्या आवरणाचे सामान लागते, त्यामुळे घरातच भट्टी लावून ठेवणे तिला सोयीचे पडते.

याच पेशी बाहेरून मेद ओढण्यातही मागे राहत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावर सीडी३६ नावाचे एक प्रथिन असते आणि मेदाम्ले त्याच्या वाटेने आत येतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी मेदपेशींच्या शेजारी वाढवल्या की त्यांच्यावरील सीडी३६ वाढते, आणि ते अडवले की त्यांचे पसरणे कमी होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. घरची भट्टी आणि शेजारची लूट अशा दोन्ही सोयी या पेशीने करून ठेवलेल्या असतात, आणि एक बंद पडली तर ती दुसरीवर भागवते. औषधशोधाच्या वाटेतली खरी अडचण हीच आहे.

कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात असे ऐकले होते. मग हे मेदाचे नवीन काय?

ते ऐकलेले खोटे नाही. ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू हाताशी असतानाही ग्लुकोज भराभर खातात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करून टाकतात. पेट स्कॅनमध्ये गाठ ‘पेटलेली’ दिसते ती याच खादाडपणामुळे. पण साखर खाते म्हणून पेशी मेद खात नाही, असे नाही. खाल्लेल्या ग्लुकोजचा काही भाग मेदाम्लांच्याच बांधकामाला जातो, आणि पोटाच्या पोकळीत मेद स्वस्त असला की पेशी तोही जाळते.

हा कर्करोग पोटातच का पसरतो, आणि ओमेंटमवरच का जाऊन बसतो?

या प्रश्नावर थोडे थांबावे लागेल, कारण मेदाची सारी गोष्ट इथेच उघड्या डोळ्यांनी दिसते.

ओमेंटम म्हणजे जठरापासून खाली आतड्यांसमोर झालरीसारखा लोंबणारा चरबीचा पडदा. निरोगी ओमेंटम हातात घेतला तर पिवळाधमक, मऊ आणि जाळीदार लागतो. तो बोटांतून निसटतो आणि उजेडासमोर धरला तर त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातील रुग्णाचा ओमेंटम टेबलावर येतो तेव्हा तो त्याच अवयवाचा आहे हे नवख्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. तो पांढुरका, जाड, गाठाळ आणि कडक झालेला असतो. सुरी फिरवताना काही ठिकाणी करकर आवाज येतो, कारण गाठीत चुन्याचे बारीक कण साठलेले असतात. पाठ्यपुस्तके याला ‘ओमेंटल केक’ म्हणतात. मी वर्गात सरकीच्या पेंडीची ढेप म्हणते, आणि ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्या मुलांना ते लगेच कळते. आतल्या कापावर पिवळी चरबी जागोजाग संपलेली दिसते आणि तिथे गाठ व तंतुमय ऊती भरलेल्या असतात.

ही चरबी गेली कुठे? शिकागो विद्यापीठातील अर्न्स्ट लेंगिएल यांच्या गटाने २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये याचे एक उत्तर मांडले. ओमेंटममधील मेदपेशी इंटरल्युकिन-८ सारखे संदेशरेणू सोडतात आणि कर्करोगाच्या पेशी त्यांच्याकडे ओढल्या जातात. दोन्ही पेशी एकत्र वाढवल्या की मेदपेशी आपला साठा फोडून मेदाम्ले मोकळी करते, ती कर्करोगाच्या पेशीत शिरतात आणि तिथे जाळली जातात. मेदपेशीत आधी खुणेचा चमकणारा मेद भरून ठेवला होता, आणि काही काळाने तोच मेद कर्करोगाच्या पेशीत सापडला. या देवाणघेवाणीत मेदाम्लांची ने-आण करणारे एफएबीपी४ नावाचे प्रथिन मध्यस्थाचे काम करते, आणि ज्या उंदरांत ते नव्हते त्यांच्यात गाठी कमी पसरल्या. देवाणघेवाण म्हटले खरे, पण यात देणारा फक्त देतो आणि घेणारा त्याला हळूहळू संपवतो.

एक गोष्ट मात्र सरसकट विसरली जाते. ओमेंटमला पोटाचा पोलीस म्हणतात. अपेंडिक्स फुटले की तो तिथे जाऊन चिकटतो आणि संसर्ग कोंडून ठेवतो. त्यासाठी त्याच्यात रोगप्रतिकारक पेशींचे छोटे-छोटे पुंजके असतात आणि त्यांना दाट रक्तपुरवठा असतो. कर्करोगाच्या पेशी आधी याच पुंजक्यांवर उतरतात असे उंदरांतील प्रयोगांत दिसते. त्यामुळे केवळ ‘चरबी आहे म्हणून तिथे गेली’ एवढ्यावर गोष्ट पुरी होत नाही. उतरण्याची जागा, अन्न आणि रक्त या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र मिळतात.

पोटात पाणी होते त्याचा मेदाशी काही संबंध आहे का?

आहे. आपल्याकडे रुग्ण पुष्कळदा याच तक्रारीने प्रथम दवाखान्यात येते. पोट फुगले, लुगडे बसेना, भाकरी अर्धी खाल्ली की पोट भरते, आणि गावात महिनाभर गॅसच्या गोळ्या झालेल्या असतात. या जलोदराच्या पाण्यात पेशी वाढवण्याचा गुण आहे हे आधीपासून माहीत होते. तो गुण मुख्यतः लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल या लहानशा लिपिडाचा आहे, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. ऑटोटॅक्सिन नावाचे विकर त्या पाण्यातच दुसऱ्या एका फॉस्फोलिपिडापासून हे आम्ल तयार करते. ते जळण म्हणून वापरले जात नाही, ते निरोप आहे : पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटून ते तिला वाढ, हल, तग धर असे सांगते. लिपिड म्हटले की अन्नच डोळ्यांसमोर येते, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

गाठीपासून सुटलेली पेशी त्या पाण्यात मरत कशी नाही?

साधी पेशी आपल्या जागेवरून सुटली की मरते. या मरणाला ‘अनॉइकिस’ असे ग्रीक नाव आहे आणि त्याचा अर्थच बेघर होणे असा आहे. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी बेघर झाल्यावर एकमेकींना धरून लहान गोळे करतात आणि त्या पाण्यात तरंगत राहतात. या अवस्थेत मेद जाळण्याची त्यांची ऐपत त्यांना उपयोगी पडते. मेदाम्ल तंतुकणिकेत नेणाऱ्या दाराला सीपीटी१ म्हणतात. ते प्रयोगशाळेत बंद केले की तरंगणाऱ्या पेशींचा टिकाव घटतो.

हिशेब पाहिला तर कारण कळते. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जळाला तर सुमारे ३० ते ३२ एटीपी, म्हणजे पेशीच्या खर्चाला लागणारी ऊर्जेची नाणी, मिळतात, आणि पामिटिक आम्लाचा एक रेणू जळाला तर १०६. अर्थात पामिटिक आम्लात कार्बन जास्त असतात आणि ते जाळायला प्राणवायूही जास्त लागतो, त्यामुळे ही तुलना भाकरीची भाकरीशी नाही. तरीही रक्तवाहिन्यांपासून दूर तरंगणाऱ्या पेशीसाठी साठवून नेता येईल अशी शिदोरी म्हणून मेदाची बरोबरी साखरेला करता येत नाही.

ही शिदोरी पेशी ठेवते कुठे?

मेदबिंदूंमध्ये. मोकळी मेदाम्ले पेशीत फार झाली तर ती विषासारखी वागतात, म्हणून पेशी त्यांची ट्रायग्लिसराइडे करून बारीक थेंबांत बंद करते आणि लागतील तशी काढते.

मग आमच्या रिपोर्टमध्ये या मेदाचा उल्लेख का नसतो?

कारण रिपोर्ट लिहिण्याआधीच तो मेद धुऊन गेलेला असतो. ऊतीचा तुकडा मेणात बसवण्यापूर्वी अल्कोहोल आणि झायलीन यांतून काढावा लागतो, आणि ही दोन्ही द्रावणे मेद विरघळवतात. काचेवर मेदपेशी दिसते ती रिकाम्या पांढऱ्या खोलीसारखी, कडेला चेपलेल्या केंद्रकासह. कर्करोगाच्या पेशीतील मेदबिंदूही असेच छोटी भोके होऊन उरतात. मेद प्रत्यक्ष पाहायचा तर ताजी ऊती गोठवून तिचे काप घ्यावे लागतात आणि ‘ऑइल रेड ओ’ या रंगाने रंगवावे लागतात. मग तेच बिंदू कुंकवासारखे लाल दिसतात. संशोधनात वस्तुमान वर्णपटमापनाने शेकडो लिपिडे एकाच वेळी मोजली जातात. पण रुग्णाच्या उपचारांचा निर्णय या मोजणीवर अजून होत नाही, म्हणून नेहमीच्या अहवालात तिला जागा नाही. अहवालात ते नाही म्हणजे तपासणी अपुरी झाली, असा अर्थ कृपया काढू नये.

संतृप्त आणि असंतृप्त मेदाचा पेशीला काय फरक पडतो?

थंडीत डब्यातले तूप गोठते आणि शेजारच्या बरणीतले करडईचे तेल वाहते राहते, हे मराठवाड्यात प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. तुपात संतृप्त मेदाम्ले जास्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असल्यामुळे त्या एकमेकींना लगटून बसतात. असंतृप्त साखळीत दुहेरी बंधापाशी बाक येतो, म्हणून तिचा थर सैल राहतो. पेशीचे आवरण असेच योग्य तितके सैल असावे लागते. ते फार गोठले तर पेशी गुदमरते.

मेदाम्लाच्या भट्टीतून निघणारे पामिटिक आम्ल संतृप्त असते. त्याला बाक देण्याचे काम एससीडी१ हे विकर करते. अमेरिकेतील दानिएला माते आणि जी-शिन चेंग यांच्या गटांनी २०१७ मध्ये रमण प्रकीर्णनावर आधारलेल्या सूक्ष्मदर्शकाने एकेका पेशीतील लिपिड पाहिले. अंडाशयाच्या कर्करोगातील मूळपेशींसारख्या पेशींत असंतृप्त लिपिडे लक्षणीय जास्त आढळली. केमो संपल्यावर रोग पुन्हा उभा राहतो त्यामागे याच पेशी असाव्यात असा संशय आहे. एससीडी१ रोखले की या पेशी घटल्या आणि उंदरांत गाठ धरण्याची त्यांची ताकद कमी झाली. त्या वर्षांत या क्षेत्रात झालेल्या कामांपैकी मला हे सर्वांत पटण्याजोगे वाटते, कारण एकाच विकराच्या मागे लागून प्रश्न स्वच्छ विचारला आहे.

‘फेरोप्टोसिस’ म्हणजे काय?

करडईचे किंवा जवसाचे तेल उघडे राहिले की खवट होते. अनेक दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांवर प्राणवायूचा हल्ला होतो आणि एक बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवत जातो. पेशीच्या आवरणातही नेमके हेच होऊ शकते, आणि पेशीत लोह जास्त असेल तर ते अधिक वेगाने होते. आवरण असे खवटून फुटल्याने येणाऱ्या मरणाला २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील ब्रेंट स्टॉकवेल यांच्या प्रयोगशाळेने फेरोप्टोसिस हे नाव दिले. जीपीएक्स४ हे विकर बिघडलेले मेदाम्ल वेळीच दुरुस्त करून हे मरण टाळते.

अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना लोहाची भूक जास्त असते, म्हणजे खवटण्याचे निमित्त त्या स्वतःच जवळ बाळगतात. त्यावर त्यांचा एक तोडगा असा की आवरणात एकच दुहेरी बंध असलेली ओलेइकसारखी आम्ले भरून ठेवायची. ती सहजासहजी खवटत नाहीत, आणि ती बनवणारे विकर पुन्हा एससीडी१ हेच आहे. म्हणून एससीडी१ रोखणे आणि फेरोप्टोसिस घडवणारे औषध देणे या दोन गोष्टी जोडून वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. रुग्णाने लोहाच्या गोळ्या घेतल्या किंवा सोडल्या म्हणून गाठीतील पेशींचे फेरोप्टोसिस वाढत-घटत नाही. रक्त कमी असेल आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्याव्यात.

अंडाशयाच्या सर्व कर्करोगांत हे बदल सारखेच असतात का?

नाही. वर सांगितलेले बरेचसे काम उच्च श्रेणीच्या सिरस प्रकारावर झाले आहे. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार बहुतेकदा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, आणि त्यात पी५३ हे जनुक जवळजवळ नेहमी बिघडलेले असते. धडधाकट पी५३ लिपिड बनवण्याच्या यंत्रणेला लगाम घालते, त्यामुळे ते बिघडल्यावर भट्टी मोकाट सुटणे समजण्यासारखे आहे. क्लिअर सेल प्रकाराचे गणित वेगळे आहे. त्याच्या पेशी स्वच्छ, पारदर्शक दिसतात त्या मुख्यतः ग्लायकोजेनमुळे, आणि जीपीएक्स४ रोखले तर त्या फेरोप्टोसिसला लवकर बळी पडतात.

रोगप्रतिकारक पेशींवर याचा परिणाम होतो का?

होतो. गाठीच्या परिसरातील डेंड्रायटिक पेशींत मेद साचतो, त्या थकतात आणि टी पेशींना शत्रू ओळखून देण्याचे आपले काम त्यांच्याकडून होत नाही. अंडाशयाच्या कर्करोगात यामागे एक्सबीपी१ हा घटक असल्याचे २०१५ मध्ये उंदरांतील प्रयोगांतून दाखवण्यात आले.

रुग्णाचे तेल-तूप बंद करावे का?

करू नये. हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर आधी देऊन कारण मागून सांगितलेले बरे.

कर्करोगाच्या पेशीला मेद हवा असतो हे खरे, पण तो ती कालच्या भाजीतल्या फोडणीतून घेत नाही. तिच्या शेजारी मेदपेशींचे भरलेले कोठार असते आणि गरज पडली तर ती ग्लुकोजपासून मेद घरी बनवते. जेवणातून तेल काढले तर कोठार लगेच रिकामे होत नाही. रिकामे होते ते रुग्णाचे अंग, आणि चरबीच्या जोडीने स्नायूही झडतात. पोटात पाणी असलेली रुग्ण आधीच दोन घास खाऊन हात धुते. त्या दोन घासांत जास्तीत जास्त ऊर्जा आणि प्रथिने जायला हवी असतात, आणि एका ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात तर एका ग्रॅम पिठूळ पदार्थात ४. एका मुलीने मोठ्या मायेने आईला दोन महिने बिनतेलाचे वरण आणि कोरडी भाकरी दिली. केमोच्या पुढच्या पाळीला वजन इतके उतरले होते की पाळी लांबवावी लागली. मुलीला दोष देण्याचे कारण नाही. मोबाइलवर तिला कोणीतरी ‘कॅन्सरला उपाशी मारा’ असे सांगितले होते.

कोणते तेल वापरावे, हा पुढचा प्रश्न. पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते, सोयाबीनच्या तेलात सुमारे निम्मे. शेंगदाण्याच्या तेलात, ज्याला आपल्याकडे गोडेतेल म्हणतात, ओलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. जवसात ओमेगा-३ कुळातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून अधिक असते. आता वरचे फेरोप्टोसिसचे उत्तर वाचून कोणी म्हणेल की करडई चांगली, कारण तिने गाठ खवटेल, आणि गोडेतेल वाईट. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीतून थेट कढईत अशी उडी मारता येत नाही. मधे आतडे, यकृत, रक्त आणि स्वतः मेदाम्ले बदलून घेणारी पेशी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखी वाणे दिलेल्या या मुलखात करडईचा पेरा सोयाबीनपुढे आक्रसत गेला याचे मला वाईट वाटते, पण ते वेगळ्या कारणासाठी. अंडाशयाच्या कर्करोगावर करडईचे तेल हा उपाय नाही. घरात जे तेल चालते ते बेताने वापरावे, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळावे आणि शेंगदाण्याची चटणी, दही, अंडी, डाळी यांतून प्रथिने जातील असे पाहावे. दीर्घ उपवास आणि किटो आहार यांचे प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या चाचण्यांपुरतेच असू द्यावेत. चातुर्मासातले उपास केमोच्या काळात सोडले तर देव रागावणार नाही.

लठ्ठपणामुळे हा कर्करोग होतो का?

धोका काही प्रमाणात वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त चरबीशी संबंध असलेल्या १३ कर्करोगांत अंडाशयाच्या कर्करोगाचा समावेश केला. पण ऊसतोडीला जाणाऱ्या काटक बाईलाही हा आजार होतो आणि तिच्या पोटातही ओमेंटम असतोच. त्यामुळे ‘आमची आई तर हडकुळी, तिला कसा होईल’ या भरवशावर लक्षणे अंगावर काढू नयेत.

लिपिड प्रोफाइल काढून हा आजार लवकर ओळखता येतो का?

येत नाही. लिपिड प्रोफाइल हृदयविकाराच्या धोक्यासाठी असते. रक्तातील लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल ही या कर्करोगाची खूण ठरेल अशी आशा १९९८ मध्ये निर्माण झाली होती, पण नेहमीच्या वापरात ती तपासणी आली नाही. या आजारात रक्तात तपासले जाणारे सीए-१२५ हे लिपिड नसून प्रथिन आहे. ते उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी उपयोगी पडते, पण निरोगी स्त्रियांची सरसकट चाळणी करण्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत सीए-१२५ आणि सोनोग्राफीने चाळणी करूनही या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. १९८७ मध्ये बार्शीला सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आपले परंडा आणि भूम हे तालुकेही येतात, आणि त्या भागात तपासणी शिबिरे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होत आली आहेत. शिबिरात गर्भाशयमुखाची तपासणी झाली म्हणजे अंडाशयही तपासले गेले असा समज अनेकींचा होतो, आणि तो चुकीचा आहे. पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवी लागणे हे दोन-तीन आठवडे टिकले तर सोनोग्राफी करून घ्यावी.

मेदाच्या वाटेवर मारा करणारी औषधे आहेत का?

या कर्करोगासाठी मान्यता मिळालेले असे एकही औषध आज वापरात नाही. शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लाटिन व पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधे हाच पाया आहे, आणि ठरावीक रुग्णांना बेव्हॅसिझुमॅब किंवा ओलापारिबसारखी औषधे दिली जातात. फॅटी ॲसिड सिंथेज रोखणारे टीव्हीबी-२६४० हे औषध पॅक्लिटॅक्सेलबरोबर पहिल्या टप्प्याच्या चाचणीत देण्यात आले आणि त्यात अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णही होत्या. काहींचा आजार थांबला. तळहात-तळपायाची कातडी सोलणे, केस गळणे असे त्रासही दिसले, आणि त्यात नवल नाही, कारण कातडीलाही मेद बनवावा लागतो. गंमत अशी की हेच औषध पुढे यकृतावरील चरबीच्या आजारासाठी अधिक जोमाने तपासले जाऊ लागले.

वजन घटवण्याची ऑर्लिस्टॅट ही गोळी प्रयोगशाळेत हेच विकर रोखते, असे वाचून दोघांनी ती मेडिकलमधून आणली होती. ती गोळी आतड्यातच राहते, रक्तात जवळजवळ उतरत नाही. गाठीपर्यंत ती पोचत नाही, आणि मेदात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे मात्र शौचावाटे जातात. स्टॅटिन आणि मेटफॉर्मिन यांच्याबद्दल प्रयोगशाळेत आशा वाटावी असे पुष्कळ आहे, पण कोलेस्टेरॉल किंवा मधुमेह नसताना केवळ या आजारासाठी ती आपल्या मनाने घेऊ नयेत. आधीपासून चालू असतील तर बंदही करू नयेत.

जाता जाता : केमोच्या सलाइनमधून तेल जाते असे एका काकांनी मला सांगितले तेव्हा मी हसणार होते, पण ते बरोबर होते. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून नेहमीच्या प्रकारात ते प्रक्रिया केलेल्या एरंडेलाच्या माध्यमात दिले जाते. त्याची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात.

शस्त्रक्रियेत ओमेंटम काढून टाकतात. त्यावाचून शरीराचे अडते का?

फारसे नाही. पचनावर परिणाम होत नाही, आणि पोटाच्या पोलिसाचे काम पोटाच्या आतल्या आवरणातील इतर रोगप्रतिकारक पेशी काही अंशी सांभाळतात. डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या ओमेंटममध्येही कर्करोगाची सूक्ष्म बेटे निघतात, म्हणून तो तपासणीसाठी आमच्याकडे पाठवला जातो. मी त्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप पाडून एकेक काप बोटांनी चाचपते, कारण मऊ चरबीत लपलेली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ डोळ्यांआधी बोटांना लागते. आतड्याच्या मेसेंटरीत, म्हणजे आतडे धरून ठेवणाऱ्या पडद्यात, आणि मोठ्या आतड्याला लटकणाऱ्या चरबीच्या लोंब्यांत मेदपेशी उरतातच. ओमेंटम गेला म्हणून पेशींचे सगळे कोठार संपत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर केमोच्या पाळ्या पुऱ्या करण्याचा आग्रह डॉक्टर धरतात त्याचे एक कारण तेही आहे.